अर्धं शटर

शालू, आज दुपारी जेवणं झाल्यावर मांदेलीचं शटर अर्धं खाली ओढलं. तुझ्या हातचं शेवटचं मशीन. बाकीची चार गेल्या वर्षभरात बदलून झाली, ही एकच म्हातारी उरली होती, आणि आता तिलाही निरोप द्यायचा असं वरून ठरलंय. नवीन माणसं तिच्याकडे पाठवणं मी थांबवलं. आत जी होती ती एकेक करून आपलं काम उरकून निघून गेली. आता एकच कनेक्शन शिल्लक आहे. तेवढं सुटलं की मशीन बंद करायचं. आपल्या टीममधला समीर म्हणाला, "मारून टाकू का? कुणीतरी पान उघडं टाकून झोपला असेल." मी म्हटलं, नको, थांबू. तुझा नियम आहे. म्हणून थांबले आहे आणि थांबल्या थांबल्या तुला लिहिते आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते मी असं सोडणार नाही.

तुला जाऊन वर्ष झालं म्हणून परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला भांडुपला आले होते. टेकडीच्या त्या पायऱ्या चढताना प्रत्येक वळणावर थांबायची तुझी सवय आठवली. दम लागला असं कबूल करायचं नाही, "इथून पवई काय मस्त दिसतं बघ" म्हणायचं. वंदना झाली, खीर वाटून झाली, माणसं पांगली. पांढऱ्या साडीतली तुझी आई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पोरी, येक सांग. शालू तिथं काय काम करायची गं? मी इचारलं की म्हनायची, गर्दी वाटून देते."

मी सांगितलं. आई, आमच्या साइटवर लोक कार्यक्रमांची तिकिटं काढायला येतात. एवढी माणसं एका मशीनला झेपत नाहीत, म्हणून पाच मशीन्स ठेवलीत. येणाऱ्या प्रत्येकाला कुठल्या मशीनकडे पाठवायचं ते दारातच ठरवावं लागतं, एकावरच भार पडू नये म्हणून. जे हे ठरवतं त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. आणि त्याने कसं ठरवायचं, ते शालू ठरवायची.

"घरातबी त्येच करायची," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मी नवीन होते तेव्हाचं तुला आठवतंय का? एक मशीन दुरुस्तीला काढायचं होतं, मी ते सरळ बंद करायला निघाले. तू खुर्ची मागे ढकलून ओरडलीस, "ए बाई, हात काढ! आत माणसं आहेत." मला कळेना कुठली माणसं. तू समजावत बसली नाहीस. मला दंडाला धरून चकाल्याच्या नाक्यावरच्या त्या खानावळीपाशी नेलंस. दुपार टळली होती, मालकाने शटर अर्धं ओढलेलं. आपण वाकून आत बघितलं. चार-पाच जण ताटावर होते, एक आजोबा ताकाचा ग्लास पुढ्यात घेऊन निवांत बसले होते, आणि त्यांना कुणीही घाई करत नव्हतं. मालकाने आपल्याकडे बघून नुसता हात हलवला, बंद झालं म्हणून. "बघितलंस?" तू म्हणालीस. "नवीन घ्यायचा नाही. आतल्याला उठवायचा नाही. शेवटचा माणूस हात धुऊन गेला की मग शटर." त्या नादात आपली खानावळ मात्र हुकली आणि आपण ऑफिसात येऊन बिस्किटांवर भागवलं.

तेव्हापासून आपल्या टीममध्ये त्याला अर्धं शटर हेच नाव पडलं. त्याला इंग्रजी नाव आहे, पण ड्रेन म्हटलं की मला गटारच आठवतं, असं तू म्हणायचीस. बाकी सगळीकडे त्याला मुदत घालतात. मुदत संपली की आत कोण आहे, काय करतंय, न बघता बाहेर काढतात. तुला ते पटायचं नाही. मॅनेजर घड्याळाकडे बघायचे, मी पाय आपटायची, आणि तू ढिम्म. "आतला माणूस जेवतोय, उठवू नको," एवढं बोलून चहाला जायचीस.

मशीन्सना माशांची नावं मी दिली आणि तू ती खपवून घेतलीस, हे अजून मला नवल वाटतं. सुरमई, रावस, हलवा, घोळ आणि मांदेली. मांदेली तुझी, कारण काट्यांना तू जाम घाबरायचीस आणि कुरकुरीत तळलेली मांदेली तेवढी काट्यासकट खाता येते. वेसाव्याला आमच्या घरी रविवारी आलीस की आई तुझ्यासाठी वेगळा तवा टाकायची. तू आली नाहीस की दारातच विचारायची, "शालू नाय आली गो?" जणू मी तिला वाटेत कुठेतरी विसरून आले.

आता भांडणाकडे येते. आपलं खरं भांडण होतं चिकटवण्यावरून. एकदा एक माणूस सुरमईकडे गेला, की पुढच्या वेळी त्याला पुन्हा सुरमईकडेच पाठवायचं का? मी म्हणायची, पाठवायचं. तिला त्याची ओळख असते, त्याने कुठली तिकिटं बाजूला काढून ठेवली ते तिच्याजवळ असतं, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला नको. तू म्हणायचीस, मुळीच नाही. त्याचं जे काही आहे ते सगळ्यांना दिसेल अशा एका ठिकाणी ठेव, म्हणजे कुठलंही मशीन त्याला पुढे नेईल. "एकाच मशीनच्या गळ्यात माणूस बांधू नको गं. उद्या ते मशीन गेलं तर त्याने कुणाकडे बघायचं?"

"तू नाही का भांडुपला एकाच टेलरकडे ब्लाउज टाकतेस?"

"आणि तो ऐन लग्नसराईत गावाला गेला तेव्हा बहिणीच्या लग्नात मी जुना ब्लाउज घालून फिरले, विसरलीस वाटतं!"

किती हसलो होतो आपण. पण मी मागे हटले नाही आणि तूही नाही. दर थोड्या दिवसांनी ते भांडण पुन्हा निघायचं आणि चहाच्या कपापर्यंत येऊन थांबायचं.

आज कळतंय की तू ते मशीनबद्दल जेवढं बोलत होतीस, तेवढंच स्वतःबद्दल. अख्खं ऑफिस तुला चिकटलेलं होतं. कुणाचं लग्न मोडत होतं, कुणाला घर मिळत नव्हतं, कुणाचा बाप घरात बोलत नव्हता, सगळे तुझ्या टेबलाशी. आणि सगळ्यात चिकट मी. भावाशी वाजलं की शालू, आईचा मोतीबिंदू निघाला की शालू, साडी कुठली नेसू इथपर्यंत शालू. तुझ्या दारात उभं राहून "आता हिला पुरे" म्हणणारं कुणी नव्हतं. आम्हाला तर ते सुचलंही नाही.

मग ती मीटिंग झाली. नवरात्र तोंडावर आलं होतं, बोरिवलीच्या दांडियाचे पास आपल्या साइटवर निघणार होते. विक्री सुरू झाली की बोरिवली-कांदिवली-दहिसरची सगळी तरुण पोरं एकदम आपल्या अंगावर येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजरांनी विचारलं, काय करायचं? तू म्हणालीस, सगळ्यांचं एका जागी ठेवू, थोडा वेळ लागेल पण कायमचं होईल. मी म्हणाले, वेळ नाहीये, माणसं मशीनला चिकटवू, तयारी वेळेत होईल. तू आणखी काही सांगू लागलीस तर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "शालूचं सगळं पुस्तकी असतं यार." दोघं-तिघं हसले. तू पेनचं टोपण लावलंस आणि म्हणालीस, "ठीक आहे. हर्षदाचं करू."

आणि माझंच केलंस. मनापासून केलंस, एक खिळा ढिला ठेवला नाहीस. विक्रीही झकास झाली, सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला वाटलं होतं तू येऊन म्हणशील, "बरं बाई, जिंकलीस." तू आली नाहीस.

त्यानंतर तू बदललीस. नवीन काम निघालं की "माझं नाव नको टाकू." मी काही घेऊन आले की "समीरला विचार ना, त्याला येतं." वेसाव्याला बोलावलं तर "या रविवारी नाही गं." पुढच्या रविवारी पण नाही. मला ते झोंबलं. मी म्हटलं, एवढ्याशा बोलण्याचा इतका राग? ठेव मग. मीही ताठ राहिले. तू समीरकडे बोट दाखवलंस की मी तुझ्यासमोरून तरातरा चालत समीरकडे जायची, तुला दिसावं म्हणून.

पण त्याच दिवसांत तू आणखी काय काय करत होतीस, ते मी बघूनही बघितलं नाही. माझ्या आईला चष्म्याच्या दुकानात न्यायचं कबूल केलं होतंस, तर अर्धी रजा टाकून नेऊन आणलंस. त्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसात बसून राहिले. मला सगळ्या मशीन्सची देखरेख शिकवायचं किती दिवस लांबलं होतं, ते तू शिकवायला घेतलंस आणि पुरं केलंस, मी तोंड पाडून बसलेली असतानासुद्धा. शेवटच्या धड्याला माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर तू मांदेलीचं पान उघडून दिलंस, सारखी खालीवर हलणारी ती हिरवी रेघ. "ही म्हातारी झालीय. हिच्यावर नजर ठेव," म्हणालीस. मी नुसतं "हं" म्हटलं.

जुनं सगळं पुरं करायचं, नवीन काही घ्यायचं नाही. शालू, अर्धं शटर म्हणजे काय हे तू मला हाताला धरून, उपाशी पोटी शिकवलं होतंस. जगातल्या कुणालाही नसेल कळलं, मला कळायला हवं होतं. समोर शटर अर्धं खाली आलेलं होतं आणि मी बाहेर उभी राहून म्हणत होते, ही माझ्याशी बोलत नाही.

शेवटचं आपण भेटलो ते पॅन्ट्रीत. तू सवयीने दोन चहा घेतलेस आणि एक माझ्यापुढे धरलास. मी म्हटलं, "समीरला दे ना, त्याला येतं." तुझंच वाक्य तुझ्या तोंडावर मारल्याचं मला केवढं समाधान! तू माझ्याकडे बघितलंस, हसलीस, आणि तिथेच उभी राहून दोन्ही चहा प्यायलीस. एकातला एक घोट, दुसऱ्यातला एक. मला हसू येत होतं आणि मी ते दाबलं. ते दाबलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार आता जागोजागी आडवा येतो. भाजी निवडताना येतो, जिना चढताना येतो.

मग तू रजेवर गेलीस. गावाला जाऊन येते म्हणालीस, तेही समीरकडून कळलं. मी फोन केला नाही. आल्यावर तीच बोलेल म्हटलं. आणि मग एका सकाळी आईबरोबर मासळीबाजारात होते, हातात पाटी होती, तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर तुझं नाव आलं. आईला सांगितलं तर तिने दोनदा विचारलं, "आपली शालू? आपली?" तिला तुझ्याच नावाची दुसरी कुणीतरी हवी होती.

परवा निघताना तुझ्या आईला मी विचारलं, आजाराचं कधी कळलं होतं? "सरावनात," ती म्हणाली. श्रावणात. म्हणजे मीटिंगच्या किती आधी! मी ते वाक्य बोलले तेव्हा तू सगळं जाणून तिथे बसली होतीस. म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीसच. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तू रागावली असतीस तर निदान आपल्यात काहीतरी चालू होतं असं तरी झालं असतं.

मग आई म्हणाली, "तिनंच सांगून ठिवलं व्हतं. हर्षदाला समद्यात शेवटी सांगा. ती आली तर उठायची न्हाई, मग माजाबी पाय निघायचा न्हाई."

तुमच्या त्या पायऱ्या मी कशा उतरले मला माहीत नाही.

तर आता ऐक, कारण आता तू मध्ये बोलू शकत नाहीस. मशीनच्या बाबतीत तुझंच बरोबर होतं. मी मान्य करते, लेखी देते, समीर साक्षीला आहे. आपण नंतर तुझ्याच पद्धतीने सगळं एका जागी ठेवलं आणि नवीन चार मशीन्स त्यावरच चालतात. पण माणसांच्या बाबतीत तू चुकलीस, शालू. साफ चुकलीस. साइटवर आलेल्या माणसाला आपल्याला सुरमईकडून रावसकडे वळवलंय हे कळत नाही, त्याला तिकीट मिळाल्याशी मतलब. मला कळलं. तू मला वळवलंस ते मला जागच्या जागी कळलं, फक्त का वळवलंस ते कळलं नाही, आणि मी सगळ्यात वाईट तो अर्थ लावून बसले. एकदा सांगायचं होतंस. मी उठले नसते, खरं आहे. तुझ्या उशाशी ठाण मांडून बसले असते, तुला नको नको केलं असतं. पण तो माझा हक्क होता गं. आजोबांना ताक पुरं करू देणारी तू, मला मात्र ताटावरून उठवलंस.

लिहिलं खरं, पण लिहिता लिहिताच राग उतरतोय, कारण समीर. तो आत्ता समोरून गेला आणि माझ्या टेबलावर शेंगदाण्याची पुडी ठेवून गेला. तुझी बातमी आली त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलत नव्हते, तेव्हा तो रोज शेजारी येऊन बसायचा. मी एकदा खेकसले, "तुला कुणी सांगितलंय रे इथे बसायला?" तर बिचारा खरं बोलून गेला, "शालूने." तू त्याला म्हणे सांगून ठेवलं होतंस, हर्षदा चिडली की लगेच समजवायला जाऊ नको, नुसतं बाजूला बस, जरा वेळाने काहीतरी खायला दे. म्हणजे माझं जे काही तुझ्याजवळ होतं ते तू दुसऱ्या जागी ठेवून गेलीस. मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागू नये म्हणून. हे मी तुझ्यासाठी कधी केलं असतं का, मला ठाऊक नाही. मला वाटतं मला सुचलंच नसतं.

चार वेळा उठून बघून आले, ते कनेक्शन अजून तसंच आहे. शेवटी समीर म्हणाला, "बघू तरी कोण एवढं चिवट गिऱ्हाईक आहे." त्याने पत्ता काढला. पत्ता आपल्याच ऑफिसचा निघाला. मी म्हटलं, आपल्यातलं कोण मांदेलीत बसलंय? समीर माझ्या दुसऱ्या स्क्रीनकडे बघत होता.

तू उघडून दिलेलं ते पान. त्या दिवसापासून मी ते बंदच केलं नव्हतं. आता आत कुणी नसल्यामुळे ती हिरवी रेघ अगदी खाली, जवळजवळ सपाट झालेली, आणि मध्ये मध्ये एक छोटासा उंचवटा येत होता. तो उंचवटा म्हणजे माझंच पान, मांदेलीला सारखं विचारणारं, कशी आहेस, कशी आहेस. भांडून, तुला पुस्तकी म्हणून मी जो चिकटवायचा नियम आणला होता, तो म्हातारीवर अजून तसाच होता. त्यानेच मला तिच्याशी बांधून ठेवलं होतं.

मी आधी हसले. मग हसता हसता रडले, ऑफिसात, सगळ्यांसमोर. समीरने कीबोर्डला हात लावला नाही. "आतला माणूस जेवतोय," एवढंच तो हळू म्हणाला आणि पॅन्ट्रीकडे गेला.

येताना त्याने दोन चहा आणले आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवले. मी दोन्ही प्यायले, एकातला एक घोट, दुसऱ्यातला एक. शेवटी शेवटी गार झाले होते, तरी प्यायले. कुणी घाई केली नाही. मॅनेजर घड्याळ बघत मागे उभे होते, तेही थांबले.

जेवण झालं गं, शालू. मला कुणी उठवलं नाही. आता माझी मीच उठते आणि शटर ओढते.